परदेशातील अत्याचार आणि लिबर्टेरियन नीती

प्रश्न असा आहे: राज्यसंस्थेलाही व्यक्तीइतकेच नीतिनियम लागू होतात, असे लिबर्टेरियन, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याला राजकारणातले सर्वोच्च मूल्य मानणारे लोक सांगतात. मग एखादा हुकूमशहा आपल्याच प्रजेची कत्तल करत असताना बलाढ्य देशांनी तिकडे फौजा पाठवू नयेत, असे तेच लोक कोणत्या तोंडाने म्हणतात? रस्त्यात कोणी कोणाला मारत असेल तर आपण मध्ये पडतो, मग राष्ट्रांनी का पडू नये? ‘आपल्याला काय त्याचे’ या वृत्तीलाच दिलेले हे सभ्य नाव नाही का?

राजकीय तत्त्वज्ञान शिकवताना गेली पंचवीसेक वर्षे हा प्रश्न मला जवळजवळ दरवर्षी ऐकायला मिळतो, आणि तो विचारणारा विद्यार्थी बहुतेक वेळा वर्गातला सर्वांत हळव्या मनाचा विद्यार्थी असतो, त्यामुळे त्याची दोन वाक्यांत बोळवण करणे मला कधीच योग्य वाटलेले नाही. माझे स्वतःचे मत लिबर्टेरियन बाजूला झुकलेले आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र त्या बाजूच्या काही मंडळींनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे मला मुळीच मान्य नाहीत, आणि तेही पुढे येईल.

आधी नीतीचा पाया पाहू. जे कृत्य एका माणसाने केले तर गुन्हा ठरते, तेच कृत्य गणवेश घालून, शिक्का मारून किंवा बहुमताने ठराव करून केले म्हणून निर्दोष होत नाही, हे या विचाराचे मूळ सूत्र आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ साली आपल्या ग्रंथाची सुरुवातच या दाव्याने केली की व्यक्तींना हक्क असतात आणि कोणतीही व्यक्ती वा समूह त्यांच्या बाबतीत काही गोष्टी करू शकत नाही. त्यातून तो चोरी, हिंसा व फसवणूक यांपासून संरक्षण देणाऱ्या आणि करार पाळले जातील हे पाहणाऱ्या रखवालदार राज्यापर्यंत पोहोचला. त्याच सूत्रावरून अर्थतज्ज्ञ मरे रोथबार्ड राज्यसंस्थेच्या पूर्ण नकारापर्यंत गेला. मिल्टन फ्रीडमनसारखे अर्थतज्ज्ञ नैसर्गिक हक्कांवर फारसा भर न देता परिणामांच्या हिशेबाने तिथेच आसपास येतात. या तीन वाटांमधले मतभेद खोल आहेत, पण आपल्या प्रश्नापुरते एवढे पुरे की बळाचा वापर प्रथम कोणी करू नये, यावर त्यांचे बव्हंशी एकमत आहे. यातला ‘प्रथम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हल्लेखोराला बळाने रोखणे या विचारात पूर्णपणे वैध आहे, आणि हल्ला दुसऱ्यावर झाला असेल तरीही ते वैधच आहे. त्यामुळे लिबर्टेरियन माणसाला शांततावादी समजणे ही पहिली चूक होय.

आता रस्त्यातल्या मारहाणीच्या दाखल्याकडे येऊ. वर्गात मी तो फळ्यावर लिहितो आणि त्याखाली एकेक ओळ वाढवत जातो. पहिली ओळ: एक वाटसरू स्वतःचा जीव धोक्यात घालून, स्वतःच्या काठीने हल्लेखोराला अडवतो. ‘हे योग्य आहे का?’ असे विचारले की सगळे हात वर होतात, आणि माझाही होतो. दुसरी ओळ: काठी विकत घेण्यासाठी तो शेजाऱ्याच्या खिशातून पैसे काढून घेतो. काही हात खाली येतात. तिसरी ओळ: तो शेजाऱ्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तुरुंगाची भीती घालून आपल्यासोबत भांडणात ओढतो. आणखी बरेच हात खाली येतात. चौथी ओळ: हल्लेखोर ज्या घरात शिरला आहे त्या घरावर तो स्फोटके टाकतो, आणि आत त्या भांडणाशी काहीच संबंध नसलेली तीन मुले आहेत, हे त्याला ठाऊक आहे. इथे वर्ग गप्प होतो. पाचवी ओळ मी थोडे थांबून लिहितो: या माणसाला त्या वस्तीची भाषा येत नाही, तिथल्या जुन्या भांडणांची माहिती नाही, आणि काम झाले की तो निघून जाणार आहे.

हा खेळ मी विद्यार्थ्यांना कोंडीत पकडण्यासाठी खेळत नाही. राज्यसंस्था वाटसरू नसते, एवढेच मला त्यांच्या डोळ्यांसमोर आणायचे असते. ती जेव्हा मदतीला जाते तेव्हा कराच्या पैशाने जाते, अनेकदा सक्तीने भरती केलेली तरुण मुले घेऊन जाते, आणि दुरून मारा करणारी अशी शस्त्रे घेऊन जाते ज्यांना अपराधी आणि निरपराध यांतला भेद करता येत नाही. रोथबार्डने १९६३ साली नेमका हाच मुद्दा धरून अण्वस्त्रांचा निषेध केला: जे शस्त्र केवळ अपराध्यावर रोखताच येत नाही, त्याचा वापर हा स्वसंरक्षणाच्या हक्कात कधीच बसू शकत नाही. सक्तीच्या लष्करभरतीबाबत तर लिबर्टेरियन विचाराने प्रत्यक्ष धोरणावर ठसा उमटवला. १९६९ साली अमेरिकेत नेमलेल्या ज्या आयोगाने पूर्णपणे स्वेच्छेच्या सैन्याची शिफारस केली, त्याचा फ्रीडमन सदस्य होता, आणि १९७३ साली तिथली सक्तीची भरती थांबली.

चौथ्या ओळीबाबत मात्र मी रोथबार्डइतका कठोर नाही. निरपराधाला अनवधानानेही इजा होता कामा नये, हा नियम अक्षरशः पाळायचा म्हटले तर आक्रमण झालेल्या देशाला बचावही करता येणार नाही, कारण आक्रमक नेहमीच नागरी वस्तीच्या आडोशाने लढेल. निरपराध व्यक्तीला ढाल बनवणाऱ्या हल्लेखोराचे काय करायचे, हा प्रश्न नोझिकनेही मांडला आणि उत्तर न देता सोडून दिला. माझ्या मते स्वतःच्या घरादारासाठी लढणाऱ्याला जो सैलपणा देता येतो, तो हजारो किलोमीटर दूरच्या मोहिमेला देता येत नाही. त्या मोहिमेचा निर्णय घेणाऱ्याच्या अंगाला त्या चुकीची झळ लागत नाही, आणि ज्याला झळ लागते त्याला कोणी विचारलेले नसते.

पाचवी ओळ ज्ञानाविषयी आहे. मध्यवर्ती नियोजकाला विखुरलेले स्थानिक ज्ञान कधीच एकत्र करता येत नाही, हे अर्थतज्ज्ञ हायेकने १९४५ साली किमतींच्या संदर्भात दाखवले. जे सरकार स्वतःच्या देशात भाकरीचे उत्पादन नीट आखू शकत नाही असे आपण मानतो, ते परक्या देशात टोळ्या, पंथ, जमीनमालकी आणि जुनी वैरे यांच्या गुंत्यातून नवी राज्यव्यवस्था उभी करील, असे मानणे ही उघड विसंगती आहे. लिबियाचे उदाहरण घ्या. मार्च २०११ मध्ये सुरक्षा परिषदेने नागरिकांच्या संरक्षणासाठी बळाच्या वापराला मान्यता दिली, ऑक्टोबरमध्ये तिथला हुकूमशहा गद्दाफी मारला गेला, आणि २०१४ पासून तो देश पुन्हा यादवी युद्धात लोटला गेला. हस्तक्षेप न करताही वाईटच घडले असते, असे म्हणणारे आहेत, आणि ते सिद्ध किंवा असिद्ध करता येत नाही. पण अमेरिकेत त्याच काळात काय झाले ते पाहा. १९७३ च्या कायद्यानुसार संसदेच्या मंजुरीशिवाय राष्ट्राध्यक्षाला साठ दिवसांपलीकडे शत्रुत्वाची कारवाई चालू ठेवता येत नाही. ती मुदत उलटल्यावर, लिबियावरचे हवाई हल्ले हे त्या कायद्याच्या अर्थाने ‘शत्रुत्वाची कारवाई’ ठरतच नाहीत, असा खुलासा प्रशासनाने केला. ज्यांच्यावर बॉम्ब पडत होते त्यांना हा अर्थ कोणी समजावून सांगितला असता, कोण जाणे.

इथून आपण राज्यसत्तेच्या प्रश्नावर येतो, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या चर्चेचा गाभा इथेच आहे. युद्धामुळे परक्या देशात काय होते याची चर्चा भरपूर होते, पण घरात काय होते याची होत नाही. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर प्रथम आला तो १७९९ साली, फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी, तात्पुरता म्हणून. १९१४ साली त्याचा सर्वसाधारण दर सहा टक्क्यांच्या आसपास होता, तो १९१८ साली तीस टक्क्यांवर गेला. अमेरिकेत १९१३ साली सर्वोच्च दर सात टक्के होता, तो १९१८ साली सत्त्याहत्तर टक्के झाला. शांतता आल्यावर हे दर उतरले खरे, पण पूर्वीच्या पातळीवर परतले नाहीत. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हिग्ज यांनी १९८७ साली या चालीला नाव दिले ते दातेरी चाकाचे, जे पुढे सरकते पण मागे फिरत नाही. पगारातून परस्पर कर कापून घेण्याची अमेरिकेतली पद्धतही १९४३ सालची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली. ती आखणाऱ्या सरकारी अर्थतज्ज्ञांमध्ये तरुण फ्रीडमन होता आणि पुढे आयुष्यभर सरकारच्या वाढीविरुद्ध लिहिणाऱ्या त्या माणसाला आपल्या हातून झालेल्या या कामाची खंत वाटत राहिली.

पैसा जातो तसे बोलण्याचे स्वातंत्र्यही जाते. युजीन डेब्ज हा अमेरिकेतला समाजवादी नेता होता, लिबर्टेरियनांचा वैचारिक विरोधकच म्हणा ना. जून १९१८ मध्ये त्याने ओहायो राज्यात युद्धाविरुद्ध एक भाषण केले आणि त्या भाषणासाठी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपले, पण डेब्ज सुटला तो डिसेंबर १९२१ मध्ये. त्यापूर्वीच्या वर्षी तुरुंगातूनच लढवलेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याला नऊ लाखांहून अधिक मते मिळाली होती. आणि १९४२ साली एका आदेशाच्या आधारे सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते, घरे सोडायला लावून छावण्यांत डांबले गेले. हेच राज्य त्या वेळी जगातल्या सर्वांत क्रूर राजवटींशी लढत होते, आणि ती लढाई बहुतेकांना, मलाही, न्याय्य वाटते. न्याय्य युद्धातही घरात असे होते, म्हणून अमेरिकी लेखक रँडॉल्फ बोर्नने १९१८ साली मरण्यापूर्वी लिहिलेल्या अपुऱ्या निबंधातले एक वाक्य लिबर्टेरियन लोक अजून जपून ठेवतात: युद्ध हे राज्यसंस्थेचे आरोग्य आहे.

अहस्तक्षेप म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, हा आक्षेप रिचर्ड कॉब्डेन या एका माणसाच्या उदाहरणाने तपासता येतो. परदेशी धान्याच्या आयातीवर कर लादणारे इंग्लंडमधले धान्यकायदे १८४६ साली रद्द करवणाऱ्या चळवळीचा तो नेता होता, आणि सर्व देशांनी एकमेकांशी मोकळा व्यापार करावा हे त्याच्या आयुष्याचे ध्येय होते. ऑक्टोबर १८५६ मध्ये कँटन बंदरात चिनी अधिकाऱ्यांनी ‘अ‍ॅरो’ नावाच्या जहाजावरच्या बारा चिनी खलाशांना अटक केली. जहाजावर ब्रिटिश निशाण होते, असा दावा करून तिथल्या ब्रिटिश वाणिज्यदूताने चिनी अधिकाऱ्यांनी माफी मागावी अशी मागणी केली, ती पुरी झाली नाही, आणि महिनाअखेरीस ब्रिटिश नौदलाने शहरावर तोफा डागल्या. हाँगकाँगचा गव्हर्नर जॉन बाउरिंग हा कॉब्डेनचा जुना मित्र आणि खुल्या व्यापाराच्या चळवळीतला सोबती होता. त्याच बाउरिंगने या वाणिज्यदूताला लिहिलेल्या पत्रात कबूल केले होते की जहाजाचा परवाना २७ सप्टेंबरलाच संपला होता आणि ब्रिटिश निशाण लावण्याचा त्याला हक्क नव्हता. चिनी आयुक्ताला मात्र हे कळू दिले गेले नाही. कॉब्डेनने हा पत्रव्यवहार संसदेत वाचून दाखवला, मित्राची भीड बाळगली नाही, आणि ३ मार्च १८५७ रोजी सरकारविरुद्धचा ठराव २६३ विरुद्ध २४७ मतांनी संमत करून घेतला. पंतप्रधान पामर्स्टनने संसद विसर्जित केली, देशाभिमानाची लाट उसळली, आणि कॉब्डेन व त्याचा सहकारी जॉन ब्राइट दोघेही निवडणूक हरले. तीनच वर्षांनी याच कॉब्डेनने फ्रान्सशी व्यापारी करार घडवून आणला. व्यापारासाठी तोफा डागणे आणि व्यापारासाठी दारे उघडणे यांत काय अंतर आहे, हे त्याला जितके स्पष्ट दिसले तितके त्याच्या पिढीतल्या फार थोड्यांना दिसले.

त्याच्याशी इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलची तुलना करून पाहावी. मिलने १८५९ साली अहस्तक्षेपावर एक गाजलेला निबंध लिहिला. कोणत्याही जनतेने आपले स्वातंत्र्य स्वतः मिळवले तरच ते टिकते, हा त्यातला विचार आजही ताजा आहे. पण त्याच निबंधात त्याने ‘रानटी’ समाजांना हा नियम लागू नाही, अशी सूट ठेवली. ईस्ट इंडिया कंपनीत पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या लेखणीतून ती सूट यावी, याचे मला आश्चर्य वाटत नाही, पण दुःख वाटते. नियम एकदा असा सुटला की सूट देणारा नेहमी बलाढ्यच असतो.

आता कठीण बाजू. १९७१ साली भारताने पूर्व पाकिस्तानात, १९७८ च्या अखेरीस व्हिएतनामने कंबोडियात आणि १९७९ साली टांझानियाने युगांडात सैन्य घातले तेव्हा तिन्ही ठिकाणचे हत्याकांड थांबले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे तिघेही शेजारी होते, तिघांवरही निर्वासितांचा किंवा सीमेवरच्या हल्ल्यांचा प्रत्यक्ष भार पडलेला होता, आणि आपले हित त्यांनी लपवले नव्हते. म्हणून ही उदाहरणे स्वसंरक्षणाच्या जवळ जातात, असे एक लिबर्टेरियन उत्तर आहे, आणि ते मला बरेचसे पटते. तरीही ते पुरे पडत नाही, कारण १९९४ साली रवांडात सुमारे आठ लाख माणसे शंभर दिवसांत मारली गेली आणि कत्तल चालू असताना, २१ एप्रिल रोजी, सुरक्षा परिषदेने तिथले शांतिसैन्य वाढवण्याऐवजी २७० माणसांवर आणण्याचा निर्णय घेतला. तिथे स्वेच्छेने थांबू इच्छिणाऱ्या सैनिकांना थांबू द्यायला हवे होते, असे म्हणायला माझ्या तत्त्वाची मला आडकाठी होत नाही.

तशी ती होऊही नये. काही लिबर्टेरियन अहस्तक्षेपाचा आधार सार्वभौमत्वात शोधतात, आणि माझ्या मते ही त्यांची गंभीर चूक आहे. राज्यसंस्थेला जर व्यक्तींकडून मिळालेल्या हक्कांपलीकडे स्वतःचा हक्कच नसेल, तर आपल्या प्रजेला मारणाऱ्या हुकूमशहाला ‘हा माझा अंतर्गत प्रश्न आहे’ असे म्हणण्याचा कोणता हक्क उरतो? काहीच नाही. अहस्तक्षेप हे त्याच्यासाठी दिलेले कवच नाही. हस्तक्षेप करणाऱ्या सत्तेला घातलेली ती वेसण आहे. म्हणूनच जो स्वेच्छेने, स्वतःच्या जिवावर आणि स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या देशातल्या पीडितांच्या बाजूने लढायला जातो, त्याला अडवण्याचा अधिकार त्याच्या सरकारला नसतो. १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात जाणाऱ्या स्वयंसेवकांना ब्रिटनने परक्या सैन्यातल्या भरतीला मनाई करणाऱ्या १८७० च्या कायद्याचा धाक घातला आणि अमेरिकेने पारपत्रांवर ‘स्पेनच्या प्रवासासाठी वैध नाही’ असे शिक्के मारले. त्या स्वयंसेवकांपैकी बहुतेक साम्यवादी होते आणि त्यांच्या ध्येयाशी माझे जुळत नाही, पण शिक्का मारणाऱ्यांची बाजूही मला घेता येत नाही.

याच चुकीचे दुसरे रूप २०२२ च्या फेब्रुवारीनंतर दिसले. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा काही लिबर्टेरियन लेखकांनी सारा दोष नाटोच्या विस्ताराकडे ढकलला. आपल्या सरकारांवर संशय घेण्याची सवय चांगली आहे, पण ती सवय दुसऱ्या सरकारची वकिली करण्यापर्यंत गेली की तत्त्व सुटते. १९९४ साली बुडापेस्टमध्ये अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे जे वचन दिले गेले, त्यावर रशियाची सही आहे. बळ प्रथम कोणी वापरले, याचे उत्तर इथे संदिग्ध नाही. त्यावर पाश्चात्त्य करदात्यांच्या पैशाने किती शस्त्रे द्यावीत, यावर लिबर्टेरियनांत प्रामाणिक मतभेद होऊ शकतात आणि होतात. आक्रमक कोण, यावर होऊ नयेत.

आर्थिक निर्बंधांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते ‘शांततेचे’ साधन म्हणून पुढे केले जातात. इराकवर १९९० ते २००३ पर्यंत सर्वंकष निर्बंध होते. तिथल्या मानवतावादी कार्यक्रमाचे संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली आणि त्यांच्यानंतर आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० साली, सामान्य जनतेला सोसाव्या लागणाऱ्या हालांच्या निषेधार्थ राजीनामे दिले. राजवट २००३ पर्यंत टिकून होती. हुकूमशहाच्या खात्यावर टाच आणणे आणि एका देशातल्या माणसाला दुसऱ्या देशातल्या माणसाशी औषधांचा व्यवहारही करू न देणे, यांना एकाच शब्दात कोंबणे मला अन्यायाचे वाटते.

शेवटी ‘आपल्याला काय त्याचे’ या आरोपाकडे परततो. पीडितांना मदत करण्याचा एक मार्ग असा आहे की त्यासाठी कोणाच्याही घरावर बॉम्ब टाकावा लागत नाही, कोणालाही सक्तीने भरती करावे लागत नाही, आणि सरकारला काही नवे करण्याऐवजी एक जुनी सक्ती फक्त थांबवावी लागते. १३ मे १९३९ रोजी ‘सेंट लुईस’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हँबर्गहून निघाले. प्रवासी जवळजवळ सगळे नाझी जर्मनीतून पळणारे ज्यू होते. क्यूबाने मोजक्या लोकांखेरीज कोणाला उतरू दिले नाही, अमेरिकेने किनारा दिसण्याइतक्या अंतरावरून परत पाठवले, आणि जहाज युरोपला परतले. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी त्यांना वाटून घेतले, पण वर्षभरात यांतले तीन देश हिटलरच्या ताब्यात गेले आणि त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे मारले गेले. त्यांना आसरा द्यायला नातेवाईक, संस्था आणि अनोळखी कुटुंबेही तयार झाली असती, त्यासाठी सैन्याची गरज नव्हती. स्थलांतराच्या बाबतीत सीमा बंद ठेवाव्यात असे म्हणणारे लिबर्टेरियनही आहेत, आणि परदेशी युद्धाला तत्त्वाने विरोध करून त्या युद्धातून पळणाऱ्याला दारातून परत पाठवायलाही जेव्हा ते तत्त्वच पुढे करतात, तेव्हा प्रश्नकर्त्याचा आरोप त्यांना लागू होतो, असेच मी म्हणेन.